दात : डी. निरगुड

श्रेयनामावलीत माझं नाव चार सेकंद टिकतं,
तेही थरथरत.
'कर' गळून पडलाय, दुधाच्या दातासारखा.

कॅसेट पन्नास पेन्सना मिळाली, धर्मादाय दुकानात,
जुन्या स्वेटरांच्या टोपलीखाली.
गल्ल्यावरच्या बाईनं विचारलं, भुताची आहे का?
म्हटलं, हो.
बाकीचं खोक्यावरच्या चित्रात होतं. ती चष्मा विसरली होती.

मोरकॅम. एकोणनव्वदचा नोव्हेंबर.
कॅरव्हॅन पार्क हंगाम संपून बंद,
लेनर्ड क्लेग दिवसा गालिचे विकायचा
आणि रात्री सिनेमा काढायचा.
दोन पुरुष. एक मेलेला, एक लाजाळू.
मेलेला लाजत नाही, एवढीच गोष्ट आहे, तो म्हणाला,
आणि मला दोन सुळे पाहिजेत, स्वस्तात.

मी तेव्हा लँकेस्टरला एका दवाखान्याच्या तळघरात
म्हाताऱ्यांच्या कवळ्या घासत होतो.
कीथ एन्टविसल आला
तो बसच्या कंडक्टरच्या कोटात, भिजलेला,
आणि दारातच थांबला.
आत ये, म्हटलं.
बोलावल्याशिवाय तसल्यांना उंबरा ओलांडता येत नाही,
हे मला मागाहून, पटकथा वाचताना कळलं.

आ कर. अजून.
पुदिन्याच्या वासाचा गुलाबी लगदा
त्याच्या टाळूला दाबून धरला.
घट्ट होईतो बोलायचं नाही, नाकानं श्वास घ्यायचा,
एकशे ऐंशीपर्यंत.
मी मराठीत मोजत होतो, मोठ्यांदा.
त्याचा श्वास माझ्या मनगटावर येत होता
आणि सत्तरवरून मी पुन्हा साठावर आलो.
त्याला कुठं कळत होतं.

रक्ताला बीट वापरलं तर ते जांभळं दिसे.
मग बहिणीनं कुडाळहून पाठवलेलं आगळ दिलं,
अख्खी बाटली, वर्षाची बेगमी.
तो पहिला चावा नीट बघा.
मानेवरून तोंड वर काढताना
त्याच्या चेहऱ्यावर जे युगानुयुगांचं दुःख पसरतं
ते कोकमाचं आहे.

वर कुंदा झोपली आहे. आवाज शून्यावर ठेवलाय.

पिशाच्चाला प्रतिबिंब नसतं.
पण क्लेगकडे पैसे नव्हते, वेळही नव्हता,
म्हणून बाविसाव्या मिनिटाला कॅरव्हॅनच्या काचेत
कीथ स्पष्ट दिसतो
आणि त्याच्या खांद्यामागे, सुळ्यांची डबी धरून,
मी.
थांबवलं की चित्रावर पांढऱ्या रेघा धावतात.
तरी दिसतंच.
असं कोण बघतं दाताच्या गिऱ्हाइकाकडे?
सगळ्या युनिटला दिसलं असणार. मला छत्तीस वर्षं लागली.

पुढच्या एप्रिलात मी मिरजेला जाऊन लग्न करून आलो.
कीथचं पुढं काय झालं, विचारलं नाही.
विचारलं असतं तर
कुणीतरी सांगितलं असतं.
त्याचा प्लास्टरचा वरचा जबडा गॅरेजमध्ये आहे,
रंगाच्या डब्यांमागे. डावा सुळा किंचित वळलेला.

शेवटी त्याला उन्हानं जळायचं होतं, समुद्रातून उगवत्या.
पण मोरकॅमचा समुद्र पश्चिमेला,
तिथं सूर्य फक्त बुडतो.
क्लेगनं संध्याकाळ उलटी फिरवली.
सूर्य पाण्यातून वर येतो, सीगल शेपटीकडून उडतात,
आणि कीथच्या कोटातून निघायचा धूर
चारी बाजूंनी येऊन कोटात शिरतो.
जळायचा माणूस हळूहळू धड होत जातो.
ही चूक कुणी दुरुस्त केली नाही.

मी कॅसेट मागे फिरवतो, चित्र चालू ठेवून.
आता वारा सरळ वाहतो,
धूर जसा जायचा तसा निघून जातो,
साधी थंड संध्याकाळ होते वाळूवर.
कीथ तोंडात बोटं घालतो, सुळे काढतो,
चौकटीच्या कडेवरून एक हात पुढं येतो,
मनगटावर माझं एच.एम.टी.,
आणि ते दोन्ही तो तळव्यावर ठेवतो,
ओले, अजून गरम.
मूठ मिटते.
मग नुसत्या रेघा.